आर्मीच्या लिलावातला ट्रक डहाणू-तलासरीत घरी आणायचा कसा? कागद, ब्रेक आणि महामार्ग, सगळं एका ठिकाणी

‘आर्मीची गाडी कवडीमोलात!’ अशा रील्स तुमच्याही फीडवर येत असतील. हिरवे ट्रक, जिप्सी, जोंगा रांगेत उभ्या आणि खाली हजारो कमेंट्स: ‘कुठे मिळते?’, ‘आपल्याकडे पासिंग होतं का?’

पालघर जिल्ह्यात या प्रश्नाला खास अर्थ आहे. डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर पावसाळ्यात रस्ता म्हणजे चिखल. वाडीतून चिकू काढायचा, भात किंवा सुक्या गवताच्या गाठी बाहेर आणायच्या, तर चारही चाकांना ताकद देणारा ट्रक कुणालाही हवाच वाटेल.

पण लिलाव जिंकणं हा या गोष्टीतला सोपा भाग आहे. अवघड भाग सुरू होतो तो डेपोच्या गेटवर. ट्रक तुमचा झाला, पैसे भरले, आता तो अडीचशे किलोमीटर दूर घरी कसा आणायचा? डिझेल टाकून चावी फिरवायची आणि निघायचं, असं करता येतं का?

सरळ उत्तर: नाही. का, ते सविस्तर पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- लिलावाचं विक्रीपत्र तुम्हाला ट्रकची मालकी देतं, तो रस्त्यावर चालवायचा हक्क देत नाही.
- लष्कराचा बाण असलेला नंबर विक्रीनंतर तुमच्या कामाचा नाही. नव्याने आरटीओ नोंदणी लागते.
- वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रकचं इंजिन सुरू झालं, तरी ब्रेक आणि टायर भरवशाचे असतीलच असं नाही.
- म्हणून पहिला प्रवास ट्रेलरवर लादून. चाकांवरचा प्रवास कागद आणि ब्रेक दोन्ही पास झाल्यावर.

हे ट्रक येतात कुठून?

लष्कराकडे हजारो वाहनं असतात. ठरावीक वर्षं झाली, ठरावीक किलोमीटर झाले किंवा दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला की ती सेवेतून काढली जातात. आपल्याकडे जुनी माणसं याला ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणतात.

लिलावात साधारण तीन नावं ऐकू येतात. पहिला शक्तिमान, जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला ट्रक. दुसरा अशोक लेलँडचा स्टॅलियन. तिसरा टाटाचा एलपीटीए, म्हणजे लहान फोर बाय फोर ट्रक.

सरकारी खात्यांचा बराचसा निकामी माल एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत ऑनलाइन लिलावात विकला जातो. १९६४ साली स्थापन झालेली ही कंपनी पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. खरेदीदाराला आधी नोंदणी करावी लागते, बोलीआधी अनामत भरावी लागते, आणि लिलाव जिंकल्यावर ठरलेल्या मुदतीत उरलेली रक्कम, जीएसटी आणि टीसीएस भरावा लागतो.

महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी, देहूरोड आणि तळेगाव, तर मुंबईत कांदिवली इथे लष्कराचे मोठे डेपो आहेत. प्रत्येक डेपोत प्रत्येक वेळी ट्रक निघतीलच असं नाही. लॉट कुठे उभा आहे ते लिलावाच्या यादीत लिहिलेलं असतं. बोली लावण्याआधी तेच पाहा, कारण वाहतुकीचा खर्च तिथून ठरतो.

अटींमधलं एक वाक्य मात्र पाठ करून ठेवा: ‘जसा आहे, जिथे आहे’. म्हणजे ट्रक ज्या अवस्थेत आणि ज्या जागी उभा आहे, तसाच तुमचा. गिअरबॉक्स नाही, बॅटरी गायब, टायर फाटलेला, अशी तक्रार नंतर चालत नाही. उचलायलाही मुदत असते. ती चुकली की जागेचं भाडं चढायला लागतं, आणि फारच उशीर झाला तर भरलेले पैसेही अडकू शकतात. म्हणून ट्रेलर बोलीनंतर नाही, बोलीआधी शोधा.

लष्कराचा नंबर आहे ना, मग चालवायला काय हरकत?

लष्कराच्या गाड्यांवर नंबरच्या सुरुवातीला वर जाणारा बाण असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६० नुसार संरक्षण कामासाठीच्या केंद्र सरकारच्या वाहनांची नोंदणी वेगळ्या यंत्रणेकडे होते. पण त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की वाहन केंद्र सरकारच्या मालकीचं राहिलं नाही की त्याला कलम ३९ आणि ४० लागू होतात.

कलम ३९ म्हणतं, नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवायचं नाही. कलम ४० म्हणतं, मालक जिथे राहतो किंवा जिथे धंदा करतो आणि वाहन ठेवतो, तिथल्या आरटीओकडे नोंदणी करायची.

म्हणजे डेपोच्या गेटबाहेर पडताक्षणी तुमचा ट्रक कायद्याच्या नजरेत ‘बिननोंदणीचं वाहन’ आहे. तो तसा चालवला तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड ही खरी भीती नाही.

खरी भीती विम्याची आहे. कलम १४६ नुसार तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. समजा, मनोरच्या पुढे ब्रेक लागले नाहीत आणि ट्रक एखाद्या दुचाकीवर गेला. विमा असता तर मृत्यू किंवा जखमांची भरपाई विमा कंपनीने दिली असती. विमा नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल ती मालकाच्या खिशातून जाते. ज्या वाडीच्या कामासाठी ट्रक घेतला, ती वाडीच विकायची वेळ येऊ शकते.

हा लॉट रस्त्यावर चालण्यासाठी आहे की भंगारासाठी?

लिलावातली प्रत्येक गाडी पुन्हा नोंदवता येते, हा मोठा गैरसमज आहे. काही लॉट फक्त भंगार म्हणून विकले जातात. तो ट्रक दिसायला धडधाकट असला तरी त्याचा कागद लोखंडाचा असतो, वाहनाचा नाही.

त्यात नियम आणखी कडक झालेत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडे पाठवायची असतात. देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष कारवाईत वापरली जाणारी चिलखती आणि विशेष वाहनं यातून वगळली आहेत. पण सेवेतून निघून तुमच्या अंगणात आलेल्या ट्रकला ही सवलत मिळेल असं गृहीत धरू नका.

त्यामुळे बोली लावण्याआधी तीन गोष्टींची उत्तरं मिळवा.

१. यादीत लॉटचं वर्णन काय आहे? ‘भंगार’, ‘स्क्रॅप’, ‘फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांसाठी’ असे शब्द असतील तर विषय संपला.

२. ‘फॉर्म २१’ मधलं विक्री प्रमाणपत्र मिळणार का? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ४७ मध्ये लष्कराकडून घेतलेल्या वाहनांचा वेगळा उल्लेख आहे. अशा वाहनाच्या नोंदणीसाठी संबंधित अधिकाऱ्यांचं मूळ फॉर्म २१ लागतं. झेरॉक्स चालत नाही.

३. तुमचं आरटीओ हे मॉडेल, हे वर्ष आणि हे इंजिन नोंदवून घेईल का? पालघर जिल्ह्यातल्या गाड्यांना एमएच-४८ मालिका मिळते आणि तिचं कार्यालय वसई तालुक्यात आहे. ट्रकचं उत्पादन वर्ष आणि प्रदूषण मानक लिहून तिथे आधी विचारा, शक्यतो लेखी. अर्ध्या दिवसाची ही खेप पुढचे काही लाख वाचवू शकते.

तात्पुरती नोंदणी काढून चालवत आणता येईल का?

कायद्यात तशी वाट आहे. कलम ४३ नुसार तात्पुरती नोंदणी मिळू शकते. ट्रक ज्या जिल्ह्यात उभा आहे तिथल्या आरटीओकडे अर्ज करायचा, म्हणजे खडकीसाठी पुणे, देहूरोडसाठी पिंपरी-चिंचवड. सोबत चेसिस आणि इंजिन नंबरवर काढलेला विमा हवा. चालकाचा परवानाही त्या वजनाचा हवा.

परवान्याचा हिशेब असा: गाडीचं एकूण वजन (माल धरून) १२,००० किलोंच्या वर असेल तर ते जड मालवाहू वाहन, ७,५०० ते १२,००० किलो मध्यम. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोंपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवू शकतो. मोठे लष्करी ट्रक या मर्यादेत बसत नाहीत. तेव्हा ‘माझ्याकडे जीपचं लायसन्स आहे’ म्हणणाऱ्या भावाला स्टिअरिंग देऊ नका.

तरीसुद्धा पहिल्या प्रवासाला ट्रेलरच का? कारण तात्पुरती नोंदणी कागद दुरुस्त करते, ब्रेक नाही.

उभ्या ट्रकच्या पोटात काय बिघडलेलं असतं?

चालणारी गाडी झिजते, उभी गाडी कुजते. दोन-तीन पावसाळे उघड्यावर काढलेल्या ट्रकचं इंजिन बॅटरी लावली की धडधडून सुरू होऊ शकतं. व्हिडिओत तेवढंच दिसतं. जे दिसत नाही ते असं:

ब्रेक. हवेवर चालणाऱ्या ब्रेकमध्ये रबरी पाइप आणि पडदे असतात. ऊन-पावसाने ते कडक होतात, त्यांना चिरा जातात. घाटात पाच-सहा वेळा ब्रेक दाबल्यावर हवा संपते. तपासायची पद्धत सोपी आहे: इंजिन चालू ठेवून हवेचा काटा पूर्ण वर येऊ द्या, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि काटा पाहा. तो सतत खाली सरकत असेल किंवा कुठून ‘स्स्स’ आवाज येत असेल तर ट्रक हलवू नका. तेलावर चालणारे ब्रेक असतील तर पॅडल स्पंजसारखं दबतंय का आणि चाकांच्या आतून तेलाचा ओघळ आहे का, ते पाहा.

टायर. नक्षी शाबूत असली म्हणून टायर चांगला असं नसतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या २३व्या आठवड्यातला. जुन्या टायरच्या बाजूंना बारीक भेगा दिसतात. असा टायर वेगात आणि उन्हात फुटतो, आणि पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं.

इंधन. टाकीत तळाला गंज आणि पाणी साचतं. ट्रक उभा असेपर्यंत ते शांत असतं. रस्त्यावर हादरे बसले की सगळं फिल्टरमध्ये येतं आणि ट्रक नेमका पुलावर बंद पडतो.

वीज. मोठ्या लष्करी ट्रकांत २४ व्होल्टची यंत्रणा असते, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या. चुकीच्या व्होल्टचे बल्ब लावले की उडतात. शिवाय रात्रीच्या हालचालींसाठी लष्कराचे काही मंद दिवे वेगळ्या स्विचवर असतात. तो स्विच चुकीच्या जागी असेल तर तुम्हाला वाटतं मागचा दिवा चालू आहे, पण मागच्याला काही दिसत नाही.

फोर बाय फोर. ज्या ट्रकांत हवं तेव्हा चारही चाकांना ताकद देता येते, त्यात ती डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर लावून ठेवायची नसते. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. तो दांडा जुन्या ट्रकांत अनेकदा अडकलेला सापडतो.

दोरी बांधून ओढत आणला तर? हा स्वस्त वाटणारा सर्वांत महाग पर्याय. इंजिन बंद म्हणजे हवा नाही, म्हणजे धड ब्रेक नाही. काही ट्रकांत हवा संपली की स्प्रिंगचे ब्रेक आपोआप घट्ट बसतात आणि चाकं घासत जातात. स्टिअरिंगही जड होतं. ओढून नेणं हे बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला असतं, पुण्याहून डहाणूला न्यायला नव्हे.

डेपोत गेल्यावर काय करायचं?

आधी शिस्त. लष्करी हद्दीत परवानगीशिवाय फोटो, व्हिडिओ काढता येत नाहीत. रील घरी आल्यावर करा. ट्रेलरचा नंबर, चालक आणि मदतनीसाची ओळखपत्रं आधी कळवावी लागतात, कारण गेट पासवर नावं असतील तेवढीच माणसं आत जातात. स्वतः जाणार नसाल तर अधिकारपत्र लागतं.

मग ट्रकपाशी जाऊन पहिलं काम: चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी एकेक अक्षर जुळवून पाहा. लष्करात इंजिन बदललेलं असू शकतं. कागदावर एक नंबर आणि लोखंडावर दुसरा, असं निघालं तर तिथेच थांबा आणि डेपोकडून कागद दुरुस्त करून घ्या. गेटबाहेर आल्यावर तो फरक तुमचा होतो आणि आरटीओत त्याचा अर्थ चोरीची गाडी असाही लावला जाऊ शकतो. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, पुढे नोंदणीला लागतो.

लादायचं आणि बांधायचं कसं?

ट्रक मोठा असेल तर लो-बेड ट्रेलर घ्या. त्याचा पाटा जमिनीपासून कमी उंचीवर असतो, त्यामुळे एकूण उंची आटोक्यात राहते. साध्या उंच ट्रेलरवर ट्रक चढवला तर वरची ताडपत्रीची कमान विजेच्या तारांना आणि रेल्वेच्या कमानींना भिडू शकते. शक्य असेल तर ताडपत्री आणि तिच्या लोखंडी कमानी काढून ट्रकमध्येच आडव्या ठेवा.

चढवताना क्रेनचा पट्टा चेसिसला किंवा ठरलेल्या हुकांना लावायचा. शाफ्टला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला पट्टा लावून उचलला तर पहिलं नुकसान तिथेच होतं.

बांधताना:

- चारही कोपऱ्यांना साखळ्या, पुढच्या पुढे आणि मागच्या मागे ओढणाऱ्या. नुसत्या दोऱ्या नकोत.
- प्रत्येक चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे, खिळ्यांनी पाट्याला ठोकलेले.
- ट्रक गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर. पण भरवसा साखळ्यांवर, हँडब्रेकवर नाही.
- सुटं चाक, अवजारपेटी, डबे काढून वेगळे बांधा.
- पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर थांबून साखळ्या पुन्हा आवळा. स्प्रिंग दबल्या की साखळ्या सैल होतात.

ट्रेलरवर चढलेला ट्रक हा कायद्याच्या दृष्टीने ‘माल’ आहे. त्यामुळे ट्रेलरचा परवाना, विमा आणि फिटनेस पाहून घ्या, आणि तुमच्या मालाचा ट्रान्झिट विमा वेगळा काढा. राज्याबाहेरून आणत असाल तर जीएसटीचं ई-वे बिल लागतं का हे विचारा. एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ते साधारणपणे लागतं. सोबत विक्रीपत्र, पैसे भरल्याची पावती आणि गेट पास ठेवा. वाटेत लष्करी ट्रक लादलेला दिसला की पोलीस थांबवणारच.

खडकी ते डहाणू: रस्ता कसा आहे?

अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पहिली परीक्षा बोरघाट. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत सलग उतार आहे. लादलेल्या ट्रेलरने खालच्या गिअरमध्ये, डाव्या लेनने, फलकावरच्या वेगात उतरायचं. उतारावर ‘न्यूट्रल’ टाकून डिझेल वाचवणारा चालक असेल तर त्याला आधीच नाही म्हणा.

पनवेलनंतर दोन वाटा. एक ठाण्यातून घोडबंदर रस्त्याने मुंबई-अहमदाबाद महामार्गाला, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८ ला. गायमुखचा चढ आणि वर्सोवा पुलाजवळची कोंडी याच वाटेवर. दुसरी भिवंडीहून चिंचोटीमार्गे महामार्गाला किंवा वाड्यावरून मनोरला. या रस्त्यांची खड्ड्यांसाठीची ख्याती वेगळी सांगायला नको. ठाणे परिसरात अवजड वाहनांना दिवसा काही तास बंदी असते आणि वेळा बदलत राहतात. निघण्याच्या दिवशी वाहतूक पोलिसांची सूचना पाहून घ्या.

मनोर सोडलं की आपला मुलूख सुरू होतो, आणि खरी काळजी इथेच घ्यायची. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. त्यात मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. मोटार गुजरातकडून मुंबईकडे येत होती. पुलाआधी तीन लेनच्या दोन होतात, याची तेव्हा देशभर चर्चा झाली. तुमचा ट्रेलर विरुद्ध दिशेच्या मार्गिकेवर असेल. पण धडा तोच: पुलाआधी वेग कमी, लेन आधीच पकडलेली, आणि पुलावर ओव्हरटेक नाही.

या महामार्गावरचा आणखी एक मोठा धोका म्हणजे कडेला अंधारात उभी असलेली अवजड वाहनं. जेवायला थांबायचं तर ढाब्याच्या आवारात आत घ्या. बंद पडलात तर परावर्तक त्रिकोण मागे बराच लांब ठेवा. ट्रेलरच्या आणि ट्रकच्या मागच्या बाजूला लाल परावर्तक पट्टी लावायला फार खर्च येत नाही. हिरवा ट्रक रात्री दिसत नाही, तो तसाच बनवलेला असतो.

मदतीसाठी तीन नंबर: महामार्गावर १०३३, पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

टोलबद्दलही एक गैरसमज दूर करू. लष्कराच्या वाहनांना १९०१ सालच्या एका कायद्यामुळे टोल माफ असतो. विक्रीनंतर ती माफी संपते. खानिवडे आणि चारोटीच्या नाक्यांवर ट्रेलरचा टोल ट्रेलरच्या फास्टॅगवरूनच भरायचा. ‘गाडी आर्मीची आहे’ असं सांगून सुटायचा प्रयत्न केला तर टोल वाचणार नाही, चौकशी मात्र ओढवेल.

वेळेचं म्हणाल तर पावसाळ्यात हा प्रवास टाळा. आणि चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा महामार्गावर भाविकांची मोठी गर्दी असते. त्या पंधरवड्यात ट्रेलर आणू नका.

शेवटचे २५ किलोमीटर

चारोटीहून डहाणूकडे वळलात की आशागडमार्गे सुमारे २५ किलोमीटर. तलासरीला जायचं तर महामार्गानेच पुढे. यापुढे उधवा, झरी, बोर्डी, घोलवड किंवा आतल्या पाड्यांकडे जायचं असेल तर आधी दुचाकीने रस्ता पाहून या. बघायचं काय? रेल्वे फाटकावरची उंचीची कमान, रेल्वेखालचा भुयारी रस्ता, छोट्या पुलांवरचे वजनाचे फलक, खाली आलेल्या विजेच्या तारा आणि चिकूवाड्यांमधल्या झुकलेल्या फांद्या. तार काठीने उचलून धरायचा जुना उद्योग जीव घेतो. तार खाली असेल तर महावितरणला कळवा.

ट्रेलर आत जात नसेल तर ट्रक महामार्गाजवळच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये उतरवा. तसंही पहिला मुक्काम गॅरेजचाच हवा. ब्रेक, टायर, टाकी, दिवे तिथेच होतील. आणि ‘आता घर पाच किलोमीटरवर आहे, चालवतच नेऊ’ हा मोह आवरा. विमा नसलेल्या ट्रकला पाच किलोमीटर आणि अडीचशे किलोमीटर सारखेच.

घरी आला, आता पुढे?

रंग. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ नुसार संरक्षण खात्याशिवाय कुणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा रंग चालत नाही. ज्या रंगासाठी ट्रक घेतला तोच आधी काढावा लागतो. बाणाचा नंबर, युनिटची चिन्हंही पुसायची.

नोंदणी. फॉर्म २०, मूळ फॉर्म २१, विमा, पत्त्याचा पुरावा, पेन्सिलचा छाप आणि तपासणी. मालवाहू ट्रकला फिटनेस प्रमाणपत्र नसेल तर कलम ५६ प्रमाणे नोंदणी वैध धरली जात नाही. तपासणीला ट्रक न्यायचा तर पुन्हा ट्रेलर किंवा तात्पुरती नोंदणी, हा खर्च हिशेबात धरा. ३,००० किलोंवरच्या मालवाहू वाहनाला परमिट लागतं. जुन्या मालवाहू गाडीला राज्याचा पर्यावरण कर आणि पीयूसी आहेच.

जुनं तेल. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे, आणि त्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टाही त्यात येतो. स्वतःचा एक ट्रक दुरुस्त करणं वेगळं. लिलावाचे ट्रक आणून तोडण्याचा धंदा मांडायचा असेल तर आधी परवानग्यांची चौकशी करा. आणि काळं तेल ओहोळात सोडू नका, त्याच पाण्यावर खालची वाडी जगते.

सर्वांत स्वस्त ट्रक, जो अस्तित्वातच नाही

सोशल मीडियावरचा एक सापळा ओळखून ठेवा. ‘मी सैन्यात आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात काढतोय’ असा मेसेज, सोबत गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड. मग ‘गेट पासचे पैसे’, ‘वाहतुकीचे पैसे’ क्यूआर कोडवर मागितले जातात. गाडी कधीच येत नाही. सेवेतून काढलेली वाहनं लष्कर व्हॉट्सअ‍ॅपवर विकत नाही. लॉट अधिकृत पोर्टलवर दिसत नसेल, प्रत्यक्ष पाहायची सोय नसेल आणि पैसे कुणाच्या खासगी खात्यात मागितले जात असतील, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

बोली लावण्याआधी हे सेव्ह करून ठेवा

- लॉट नोंदणीयोग्य आहे, फॉर्म २१ मिळणार आहे
- आरटीओला आधी विचारलंय
- चेसिस आणि इंजिन नंबर कागदाशी जुळतात
- लो-बेड ट्रेलर ठरलाय, त्याचे कागद पाहिलेत
- ट्रान्झिट विमा काढलाय
- शेवटच्या रस्त्याची उंची आणि रुंदी पाहून झालीय
- गॅरेज ठरलंय
- हिशेबात बोलीची रक्कम + कर + क्रेन + ट्रेलर + टायर + ब्रेक + रंग + नोंदणी, सगळं धरलंय

हा शेवटचा हिशेब कागदावर मांडला की कधी कधी दिसतं, तालुक्यातलाच कागद पूर्ण असलेला जुना ट्रक स्वस्त पडतोय. तसं दिसलं तर तो घ्या. आणि हिशेब जमला, तर लष्करी ट्रक जरूर आणा. फक्त पहिल्यांदा त्याची चाकं फिरू द्यायची ती कागद हातात आल्यावर आणि ब्रेक लागल्यावरच.